लोणी-लसणीतल्या तिसऱ्या: चव, पोषण आणि सासूबाईंचा आक्षेप

भरतीरेषा

नमस्कार. गुहागर तालुक्यात आम्ही पर्यटकांसाठी घरगुती निवास-न्याहारीची सोय चालवतो. जेवणात तिसऱ्या (खाडीत मिळणारे लहान शिंपले) नेहमीच असतात, पण त्या आमच्या पद्धतीच्या: ओले खोबरे घालून केलेले सुके, नाहीतर मांस एका शिंपल्यात ठेवून केलेली एकशिपी. अलीकडे मुंबई-पुण्याकडून येणारे पाहुणे मात्र 'बटर गार्लिक'च मागतात. हा पदार्थ इतका साधा आहे की त्याला पाककृती म्हणायचाही संकोच वाटावा, कारण त्यात तिसऱ्या, लोणी, लसूण, मिरी आणि लिंबू यांपलीकडे काहीच नसते. तरीही पाहुणे ताटातला रस पावाने पुसून खातात, तेव्हा त्यांना यात नेमके काय आवडते हा प्रश्न मला पडतो. लोण्यामुळे तिसऱ्यांची चव खरोखर खुलते, की लोणी सर्वांनाच आवडते म्हणून पदार्थ खपतो? शिवाय कधी रस छान दाटसर होतो, तर कधी लोणी वितळून वर तवंग धरते. यामागचे कारणही जाणून घ्यायचे आहे.

दुसरी शंका घरातली आहे. सासूबाईंच्या मते मासळीला दूधदुभते लावणे हा विरुद्ध आहार असून त्याने अंगावर कोड उठते. मासळी असेल त्या दिवशी त्या ताकालाही हात लावत नाहीत.

तिसरी शंका आरोग्याची. सासऱ्यांच्या रक्ततपासणीत बी-१२ कमी आणि कोलेस्टेरॉल जास्त निघाले आहे. त्यांना तिसऱ्या अतिशय प्रिय आहेत. त्यांनी त्या खाव्यात की टाळाव्यात, आणि खाल्ल्या तर लोण्यातल्या खाव्यात का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

चुलाणे

ताई, पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की या पदार्थाचा जीव लोण्यात नसून तिसऱ्या उघडताना जे पाणी सुटते त्यात आहे. तिसऱ्यांच्या मांसात ग्लायसीनसारखी गोडसर अमिनो आम्ले, ग्लुटामेट आणि सक्सिनिक आम्ल असते, आणि शिंपल्यांच्या त्या खास भरीव चवीत सक्सिनिक आम्लाचा वाटा मोठा आहे. हे सारे पाण्यात विरघळणारे आहे. उलट लसणीचा वास देणारी गंधकयुक्त द्रव्ये स्निग्धांशात उत्तम उतरतात. लोण्यात स्निग्धांश आणि पाणी मुळातच एकजीव झालेले असतात आणि त्यांना बांधून ठेवणारी दुधाची प्रथिनेही थोडी असतात, त्यामुळे तिसऱ्यांचे पाणी आणि लसणीचा वास हे दोन्ही ते एकाच घासात आणून देते. नुसते तेल हे काम करू शकत नाही, आणि तूपही नाही, कारण कढवताना लोण्यातले पाणी आटलेले असते आणि प्रथिने बेरीच्या रूपाने तळाशी बसलेली असतात.

हे काम आपल्याकडे नारळाचा रस पूर्वीपासून करत आलेला आहे, आणि तोही स्निग्धांश व पाणी यांचे तसेच मिश्रण आहे. फरक इतकाच की नारळाला स्वतःची ठळक चव असते आणि त्यासोबत मसालाही येतो, तर लोणी बरेचसे मागे राहते. म्हणून लोण्यातल्या तिसऱ्यांमध्ये तिसऱ्या चांगल्या आहेत की वाईट हे लपत नाही. शिळी किंवा रेतीची तिसरी सुक्यात एखादे वेळी खपून जाईल, येथे अजिबात खपणार नाही.

आता तवंगाविषयी. लोणी सुरुवातीलाच सगळे घातले आणि मोठ्या आचेवर उकळत राहिले तर त्याची बांधणी मोडते आणि स्निग्धांश वर येतो. म्हणून पातेल्यात चमचाभर लोण्यावर किंवा तेलावर पातळ चिरलेली लसूण मंद आचेवर नुसती पारदर्शक होऊ द्यावी. ती तांबूस झाली की कडवट होते आणि तो कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. मग धुतलेल्या तिसऱ्या आणि अगदी थोडे पाणी घालून, घट्ट झाकण ठेवून आच मोठी करावी. तिसऱ्या उघडल्या की त्या काढून घ्याव्यात आणि खालचे पाणी स्वच्छ फडक्यातून गाळावे, कारण कितीही धुतले तरी तळाशी बारीक रेती राहतेच. गाळलेले पाणी आटवून निम्मे करावे, पातेले खाली उतरवावे, आणि मग फ्रीजमधले थंड लोणी लहान तुकड्यांनी घालून पातेले गोल हलवत राहावे. रस दुधाळ आणि दाटसर होतो. त्यात तिसऱ्या परत घालून वरून मिरी, कोथिंबीर आणि लिंबू. गाळलेले पाणी जर कोणी मोरीत ओतत असेल तर त्याने हा पदार्थ करूच नये.

मीठ घालू नये. तिसऱ्यांच्या पाण्यात ते पुरेसे असते, आणि बाजारातले पिवळे बटर खारवलेले असते. घरी दह्याचे ताक घुसळून काढलेले पांढरे लोणी मिळत असेल तर तेच घ्यावे. त्याला किंचित आंबूसपणा असतो, तो येथे फारच शोभतो. कोकम मात्र मी या एका पदार्थात घालत नाही, कारण त्याने रस काळपट होतो आणि लोण्याची चव मागे सरते. काहींना ते आवडते, हेही खरे.

दर्यावर्दी

देवगडकडच्या माणसाचे प्रामाणिक मत विचाराल तर पाहुण्यांना द्यायचे ते द्या, पण तिसऱ्यांचे सुके आणि तांदळाची भाकरी यांच्यापुढे हे लोणी-प्रकरण फिकेच आहे. सुक्यातल्या खोबऱ्याला तिसऱ्यांचे पाणी प्यायला मिळते आणि मांसापेक्षा ते खोबरेच आधी संपते. बटर हा हॉटेलांचा सोपा मार्ग आहे. मसाला वाटायला माणूस लागत नाही.

चुलाणे

दर्यावर्दी, सुक्याविषयी वाद नाहीच. परंतु शिंपल्यांना लोणी लावणे ही काही मुंबईच्या हॉटेलांनी काढलेली पळवाट नव्हे. फ्रान्सच्या किनाऱ्यावर शिनाण्यांच्या (खडकाला धरून राहणाऱ्या शिंपल्यांच्या, म्हणजे मसल्सच्या) जातीचे शिंपले लोणी, कांदा आणि वाइन यांत वाफवणे हे रोजचे जेवण आहे, आणि जपानमध्येही तिसऱ्यांसारखे शिंपले तांदळाच्या मद्यात वाफवून वर लोण्याचा तुकडा सोडतात. जेथे शिंपले ताजे मिळतात तेथे लोकांनी ते शक्य तितके कमी सामान घालून खाल्ले आहेत.

अळणी

मी आहारशास्त्राची विद्यार्थिनी आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर थोडे लांबून लिहिते. खालील आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पोषणसारणीतले असून ते तिकडच्या जातींचे आहेत, त्यामुळे आपल्या खाडीतल्या तिसऱ्यांसाठी ते अंदाज म्हणूनच घ्यावेत.

शंभर ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे ८६ कॅलरी, १४ ते १५ ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम १ ग्रॅम स्निग्धांश असतो. म्हणजे मूळ पदार्थ अतिशय हलका आहे. बी-१२ सुमारे ११ मायक्रोग्रॅम, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास. शिजवल्यावर पाणी कमी होऊन मांस आक्रसते, त्यामुळे शिजलेल्या शंभर ग्रॅमचे आकडे आणखी मोठे दिसतात. त्या मोठ्या आकड्यांनी हुरळून जाण्याचे कारण नाही, कारण जठरातून पाझरणारा जो घटक बी-१२ वाहून नेतो त्याची क्षमता एका जेवणात दीड ते दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास संपते आणि त्यापुढचा अगदी थोडा अंशच शोषला जातो. म्हणून सासऱ्यांना रविवारी मोठे ताट भरून देण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा थोड्या तिसऱ्या देणे अधिक उपयोगी. हेही लक्षात घ्यावे की उतारवयात बी-१२ कमी असण्याचे कारण पुष्कळदा आहारात नसून शोषणात असते, किंवा मधुमेहासाठी वर्षानुवर्षे चालू असलेल्या मेटफॉर्मिनसारख्या औषधात. तसे असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इंजेक्शन तिसऱ्यांच्या भरवशावर बंद करू नये.

लोहाविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आंतरजालावर जिकडेतिकडे लिहिलेले आढळते की शंभर ग्रॅम शिजलेल्या तिसऱ्यांत २८ मिलिग्रॅम लोह असते. तो आकडा त्याच सारणीच्या जुन्या आवृत्तीतला आहे. पुढच्या आवृत्तीत तो ३ मिलिग्रॅमच्या आतबाहेर आणला गेला, परंतु जुना आकडा अजून लेखांतून फिरतो आहे. तीन मिलिग्रॅमही वाईट नाही, शिवाय मांसासोबत येणारे लोह भाजीपाल्यातल्या लोहापेक्षा सहज शोषले जाते आणि वरून पिळलेले लिंबू त्याला मदत करते. शिनाण्यांत लोह याहून जास्त असते. मात्र तिसऱ्या खाऊन रक्ताल्पता आपोआप बरी होईल अशी आशा कोणी धरू नये.

आता कोलेस्टेरॉल. सगळी कवचाची मासळी एकाच मापाने मोजली जाते, ते बरोबर नाही. कोळंबीत कोलेस्टेरॉल बरेच असते, तिसऱ्या आणि शिनाणे यांत मात्र शंभर ग्रॅममागे सुमारे ३० मिलिग्रॅमच. पूर्वीच्या मोजणीच्या पद्धतींना शिंपल्यांतले इतर स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलसारखीच दुसरी द्रव्ये, वेगळे ओळखता येत नसत आणि तेही कोलेस्टेरॉल म्हणून मोजले जात. शिंपल्यांची बदनामी थोडीफार तेथून आली आहे. शिवाय रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवण्यात अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त स्निग्धांशाचा (सॅच्युरेटेड फॅटचा) हात मोठा असतो. त्यामुळे या ताटात सासऱ्यांनी सांभाळायची वस्तू तिसरी नसून लोणी आहे. मोठा चमचाभर, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम बटरमध्ये १०० कॅलरी आणि ७ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश येतो. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्याने तो एकूण २२ ग्रॅमच्या आत ठेवावा असा सर्वसाधारण सल्ला आहे. हॉटेलातल्या एका ताटात असे तीन-चार चमचे सहज पडतात. चुलाणे यांनी सांगितल्याप्रमाणे पाणी आटवून शेवटी लोणी घातले तर माणशी एका लहान चमच्यात भागते, आणि मग आक्षेप घेण्यासारखे फारसे उरत नाही. ज्या ओल्या खोबऱ्याची दर्यावर्दी स्तुती करतात त्यातलाही स्निग्धांश बहुतांश संपृक्तच असतो, हे जाता जाता.

मिठाकडे मात्र लक्ष हवे. तिसऱ्यांत सोडियम नैसर्गिकरीत्याच भरपूर असते, तेव्हा रक्तदाब असलेल्यांनी खारवलेले बटर टाळावे आणि रस बेताने घ्यावा. युरिक आम्ल वाढलेल्यांनीही प्रमाण कमी ठेवावे. आणि पाहुण्यांना कवचाच्या मासळीची ॲलर्जी आहे का, हे विचारल्याशिवाय ताट पुढे करूच नये. ती प्रसंगी जिवावर बेतू शकते.

पोथीनिष्ठ

सासूबाईंच्या आक्षेपाला आधार आहे, पण तो त्यांना वाटतो तितका सरसकट नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सव्विसाव्या अध्यायात मासे दुधाबरोबर खाऊ नयेत असे स्पष्ट सांगितले आहे. कारण असे दिले आहे की दोन्ही मधुर रसाचे असले तरी दूध शीतवीर्य (थंड परिणामाचे) आणि मासे उष्णवीर्य (उष्ण परिणामाचे), म्हणून त्यांचा मेळ विरुद्ध ठरतो. त्याच ठिकाणी भद्रकाप्य नावाचा ऋषी म्हणतो की चिलिचिम नावाचा एक मासा वगळता बाकीचे मासे दुधाबरोबर चालतील, आणि गुरू आत्रेय त्याचे म्हणणे खोडून काढतात. म्हणजे हा वाद त्या काळीही चाललेला होता. परंतु तेथे बोलणे दुधाविषयी आहे. लोणी किंवा तूप यांचे नाव त्या वाक्यात नाही.

कोडाविषयी बोलायचे तर मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने ते होते असा पुरावा आधुनिक त्वचारोगशास्त्रात नाही. कोड हा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्वचेतल्या रंगपेशींवर उलटल्याने होणारा विकार मानला जातो. बंगाली घरांत दह्यातला मासा सणासमारंभाला रांधतात आणि पिढ्यान्‌पिढ्या खातात. तरीही, ताई, सासूबाईंना वाद घालून जिंकायला जाऊ नये. त्यांच्यासाठी चार तिसऱ्या खोबऱ्यात वेगळ्या ठेवाव्यात.

खाजण

वर चव आणि पोषण यांवर चांगले लिहिले गेले आहे, पण तिसऱ्या कोठून आल्या हे कोणीच विचारले नाही, आणि माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे. तिसरी चिखलात बसून दिवसभर खाडीचे पाणी गाळत असते. पाण्यातले सूक्ष्म वनस्पतीकण हे तिचे अन्न. त्याच पाण्यात सांडपाण्यातले जंतू, विषाणू किंवा जड धातू असतील तर तेही तिच्या अंगात साठतात. ज्या खाडीत शहराचा नाला किंवा औद्योगिक वसाहतीचे पाणी उतरते तेथल्या तिसऱ्या कितीही टपोऱ्या असल्या तरी घेऊ नयेत, कारण जंतू शिजवून मरतात, धातू मरत नाहीत. आपल्याकडे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना कोणता पट्टा चांगला आणि कोणता टाळायचा हे नेमके ठाऊक असते. रोजच्या एकाच बाईकडून घेत जावे आणि तिला मोकळेपणी विचारावे. उधाणाच्या दिवसांत ओहोटी खूप खाली जाते, तेव्हा माल जास्त निघतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत कमी आणि महाग.

पावसाळ्यात मी स्वतः तिसऱ्या घेत नाही. १ जून ते ३१ जुलै ही राज्यातली यांत्रिक बोटींची मासेमारीबंदी असते आणि तिच्याशी खाडीत हाताने तिसऱ्या काढण्याचा तसा संबंध नाही, पण त्या दिवसांत नदीचे गोडे, गढूळ पाणी खाडीत भरते, गावातली घाण वाहून येते आणि खारटपणा एकदम उतरल्याने शिंपलेही पुष्कळ मरतात.

रेती काढण्यासाठी तिसऱ्या खारट पाण्यात दोन-चार तास ठेवाव्यात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. खाडीच्या तिसऱ्यांना थोडे कमी चालते. नळाच्या गोड्या पाण्यात त्या तोंड मिटून घेतात आणि रेती आतच राहते. पसरट भांडे घ्यावे, ढीग करू नये. फुटलेल्या आणि टिचकी मारल्यावरही न मिटणाऱ्या तिसऱ्या फेकून द्याव्यात.

चुलाणे यांच्याशी एका बाबतीत माझा मतभेद आहे. तिसरी उघडली म्हणजे शिजली असे नव्हे; उष्णतेने शिंपले मिटून धरणारा स्नायू सैल पडला इतकाच त्याचा अर्थ. कावीळ पसरवणारा हेपॅटायटिस-ए आणि जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस यांना निकामी करायला मांसाच्या आतपर्यंत ९० अंश सेल्सिअस तापमान निदान दीड मिनिट टिकावे लागते. म्हणून उघडल्यानंतरही झाकण ठेवून तीन ते पाच मिनिटे चांगली वाफ द्यावी. आणि समुद्राचे पाणी लाल-तपकिरी दिसत असेल, तर त्या काळात शिंपले खाऊच नयेत. काही सूक्ष्म शैवालांचे विष शिजवूनही नष्ट होत नाही. १९९७ साली केरळात विळिंजम येथे शिनाण्यांतून असे विष पोटात जाऊन सात माणसे दगावली होती.

भरतीरेषा

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना पोथीनिष्ठ यांचे उत्तर वाचून दाखवले. चरकाचे नाव ऐकून त्यांचे समाधान झाले आणि लोण्याचे नाव तेथे नाही हे त्यांनी ऐकूनही न ऐकल्यासारखे केले. आता तीनच शंका उरल्या आहेत. खाजण म्हणतात तितका वेळ वाफवले तर तिसऱ्या रबरासारख्या होतील ना? आणि पाहुणे रात्री उशिरा पोहोचतात तेव्हा आधी काही तयारी करून ठेवता येते का? हीच कृती शिनाण्यांना चालेल का, तेही सांगावे.

चुलाणे

माझ्या एकट्याच्या ताटासाठी मी उघडल्याबरोबर काढीन, पण आपण पाहुण्यांना आणि वयस्क सासऱ्यांना वाढता आहात, तेव्हा तेथे खाजण यांचाच नियम पाळावा. चिवटपणा कमी ठेवण्याचा उपाय असा की पातेल्यात एका वेळी एक-दोन थरांपेक्षा जास्त तिसऱ्या घालू नयेत. ढीग केला तर खालच्या लवकर उघडतात, वरच्या मागे राहतात, आणि वरच्यांची वाट पाहताना खालच्या दुप्पट शिजतात; खरा रबर तेथे तयार होतो. सारख्या आकाराच्या निवडून घेतल्या तर आणखी बरे. शिजवूनही न उघडलेल्या टाकून द्याव्यात.

तयारीसाठी दुपारीच तिसऱ्या नीट वाफवून, मांस शिंपल्यातच ठेवून, गाळलेल्या पाण्यात बुडवून लगेच फ्रीजमध्ये ठेवाव्यात. कोरड्या ठेवल्या तर त्या आक्रसतात. रात्री पाणी वेगळे काढून खळखळून उकळावे व आटवावे, त्यात तिसऱ्या वाफ येईपर्यंत चांगल्या गरम कराव्यात आणि लोणी अगदी वाढताना घालावे. लोणी घातलेला रस पुन्हा तापवू नये, तो फुटतो. त्याच रात्री संपवाव्यात. किती घ्यायच्या याचा हिशेब करताना हे ध्यानात ठेवावे की वजनात बहुतेक शिंपलाच असतो. जात आणि हंगाम यांप्रमाणे मांस साधारण दहाव्या ते पाचव्या हिश्श्याएवढेच निघते.

शिनाण्यांना ही कृती चालते, किंबहुना अधिक शोभते, कारण त्यांचे मांस मोठे आणि मऊ असते. त्यांच्या कडेला खडकाला धरून ठेवणारे तंतू असतात, ते शिजवण्याच्या अगदी आधी बिजागरीच्या दिशेने ओढून काढावेत आणि शिंपले घासून घ्यावेत. शिनाण्यांचे पाणी चवीला उग्र असते. ते सगळे न आटवता आधी चाखून बघावे, मिरी थोडी वाढवावी, आणि लसणीबरोबर आल्याचा अगदी लहान तुकडा किसून घालावा.